कुंदा पालथी पडली तेव्हा

वच्छलाने उचललं की कुंदा ताठ व्हायची. शामलाने उचललं की मऊ पडायची. वच्छलाच्या मनात जे चाललं होतं त्याचं मूळ एवढंच होतं, पण ते कुणाला सांगता येत नव्हतं. लेकीवर उपचार करणाऱ्या बाईचा आपल्याला राग येतो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

वच्छला कोराडीला राहत होती. तिचा नवरा रुपराव वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांवर कामाला होता आणि वसाहतीत त्यांना दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. सोबत सासू, मनकर्णाबाई. मूळचे सगळे काटोलकडचे, शेतीवाले. कुंदा हे पहिलं लेकरू. बाळंतपण फार अडलं होतं. कुंदा बाहेर आली तेव्हा निळी पडली होती आणि रडली फार उशिरा. नंतर अधूनमधून झटकेही यायचे. पुढे शेजारणींची लेकरं मान सावरून इकडेतिकडे बघायला लागली तरी कुंदाची मान काही बसेना. अंगठे मुठीत घट्ट मिटलेले. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. काखेत हात घालून उचललं तर ती धनुष्यासारखी मागे वाकायची आणि रडून रडून लाल व्हायची. मनकर्णाबाई रोज तेल लावून तिचे पाय ओढून सरळ करायच्या. त्याने ती अजूनच ताठायची.

शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. जन्माच्या वेळी मेंदूला श्वास कमी पडला. हातापायांना हुकूम देणारा मेंदूचा भाग दुखावला. औषधाने हे बरं होत नाही, पण लेकराला हातांनी शिकवता येतं, आणि जितकं लवकर सुरू कराल तितकं बरं. त्यांनी धंतोलीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. हा एक्क्याऐंशी सालचा हिवाळा. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा वच्छला लेकीला घेऊन कोराडीहून बसने शहरात बर्डीला उतरायची आणि तिथून पायी धंतोलीला जायची.

दवाखान्याच्या माडीवर एक लांब खोली होती. खाली निळ्या रेक्झिनच्या गाद्या, कापडी लोड, लाकडी उतरण आणि लेकराला वर ठेवून झुलवता येईल एवढा एक मोठा रबरी चेंडू. तिथं शामला काम करायची. प्रताप नगरात आईवडिलांकडे राहणारी, लग्न न झालेली, वच्छलापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी लहानच असेल. फिजिओथेरपी शिकलेली, आणि तान्ह्या लेकरांना कसं हाताळायचं याचं वेगळं शिक्षण मुंबईला जाऊन घेऊन आलेली. दिसायला साधी. हात मात्र रुंद होते, आखूड बोटांचे आणि नखं अगदी कापलेली.

पहिल्याच दिवशी तिने कुंदाला असं उचललं की वच्छला बघत राहिली. काखेत हात घातला नाही, दंड धरून ओढलं नाही. आधी एक हात कमरेवर ठेवून तिला हळूच कुशीवर वळवलं. मग गुडघे पोटाकडे दुमडले, दोन्ही खांदे पुढे आणले आणि तशीच गाठोड्यासारखी उचलून मांडीवर घेतली. कुंदा ताठली नाही. मान मागे गेली नाही. ती शांत बसली आणि तिने समोर पाहिलं.

लेकीचा चेहरा असा सरळ, निवांत, वच्छलाने आजवर पाहिलाच नव्हता. आज दिसला, तर तो दुसऱ्या बाईकडे वळलेला.

शामला सांगत होती. हिच्या डोक्यामागे तळवा ठेवू नका, मागून दाब आला की हिचं अंग मागेच जातं. डोकं सांभाळायचं तर खांद्यांकडून सांभाळा. कडेवर घ्या तेव्हा दोन्ही पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना येऊ द्या, म्हणजे कात्री पडणार नाही. मूठ उघडायला अंगठा ओढू नका, हात खांद्यातून अलगद बाहेर वळवा, मूठ आपोआप सुटते. आणि घाई करू नका. आपल्या हाताने तिला सांगायचं आणि मग थांबायचं. तिचं अंग उत्तर देतं, त्याची वाट पाहायची.

मग वच्छलाने करून पाहिलं. कुंदा ताठली, मागे वाकली आणि रडायला लागली. शामला म्हणाली की होईल, सवयीने जमेल. तिने लेकीला परत घेतलं आणि कुंदा गप्प झाली. "पाहा, आली लगेच," शामला सहज म्हणाली. वच्छला हसली, पण ते हसू तिच्या गालांना दुखलं.

त्यानंतर हे रोजचंच झालं. खोलीतल्या इतर आया कौतुक करायच्या की कुंदा ताईजवळ किती गुणी राहते. रुपराव एकदा सुट्टी पाहून सोबत आला. त्याने तासभर सगळं पाहिलं आणि परतताना बसमध्ये म्हणाला, "त्या ताईच्या हाताले गुण आहे वं." वच्छला कोराडी येईपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. आपलं काय चुकलं हे त्याला कधीच कळलं नाही.

आपल्या हातांत काय वाईट आहे, हा विचार तिला भाकरी थापताना यायचा, कपडे पिळताना यायचा. नऊ महिने पोटात वाढवलं ते मी. झटके यायचे तेव्हा रात्ररात्र उराशी धरून बसले ते मी. आणि त्या बाईने तासभर घ्यायचं, नि पोरीने तिच्याकडे असं पाहायचं. कधी कधी तिला वाटायचं की शामला मुद्दाम आपल्याला आधी करायला लावते, म्हणजे मग तिने घेतल्यावर फरक उठून दिसावा. हे खरं नाही हेही तिला कळायचं. कळून काही उपयोग होत नव्हता.

मग तिने चोरून शिकायला सुरुवात केली. शामलाने समजावलेलं ती ऐकायची नाही. ती फक्त तिचे हात पाहायची, सवतीकडे पाहावं तसं. हात कमरेवर कुठे ठेवते, किती वेळ ठेवते, कधी काढून घेते. घरी तिने नखं कापून टाकली. एक दिवस शामला दुसऱ्या एका बाईला सांगत होती की अशी लेकरं बांगड्यांच्या आवाजानेही दचकतात आणि दचकली की ताठतात. शामलाची मनगटं मोकळी होती. वच्छलाने घरी आल्यावर कोपऱ्यात बसून हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवल्या.

मनकर्णाबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. "नवरा धडधाकट आहे तुहा, अन् भुंड्या हातानं फिरते?" त्या म्हणाल्या. शेजारच्या बायका काय म्हणतील, हळदीकुंकवाला कशी जाशील, असं बरंच बोलल्या. एरवी वच्छला सासूसमोर मान वर करायची नाही. त्या दिवशी तिने सांगितलं की पोरगी दचकते, मी घालणार नाही. मनकर्णाबाई फणफणत मागच्या अंगणात गेल्या. संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात जुन्या लुगड्याची पट्टी होती. त्यांनी सुनेचा हात ओढून घेतला, बांगड्या परत चढवल्या आणि त्यांच्याभोवती ती पट्टी घट्ट गुंडाळून टाके घातले. हात हलवून पाहिला. आवाज आला नाही. "आता राहू दे," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

वच्छलाला त्या बांगड्यांचा अभिमान वाटला. पुढच्या वेळी शामलाने त्या पाहिल्या आणि तिला इतकं आवडलं की तिने खोलीतल्या सगळ्या आयांना बोलावून दाखवलं. पुढच्या आठवड्यात दोघी-तिघींच्या हातांवर तशा पट्ट्या दिसल्या. नवीन आलेल्या एकीने विचारलं तर दुसरीने सांगितलं की शामलाताईने सांगितलं आहे असं करायला. वच्छला शेजारीच बसली होती. तिने काही दुरुस्त केलं नाही. म्हणजे हेसुद्धा शामलाचंच झालं, एवढंच तिच्या मनात आलं.

कुंदा सुधारत होती, हे मात्र खरं होतं. मान बरीचशी सावरली होती. लोडावर पोटावर ठेवलं की ती डोकं उचलून खुळखुळ्याकडे पाहायची. आणि जिन्यावरून वर येताना शामलाचा आवाज ऐकला की त्या दिशेला वळायची. शामला दारातच म्हणायची, "आली का माझी कुंदी." तिच्यासाठी ती बोलायची पद्धत होती, खोलीतली सगळीच लेकरं तिची होती. वच्छलाच्या छातीत तो शब्द दर वेळी टोचायचा.

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. कुंदाचं झटक्यांचं औषध संपलं होतं म्हणून वच्छला तिला शामलाजवळ ठेवून रस्त्यापलीकडच्या दुकानात गेली. दुकानात गर्दी होती. बाटली घेऊन ती परतली आणि जिना चढताना तिला वरून टाळ्या ऐकू आल्या.

ती दारात आली. गादीवर कुंदा पालथी होती, कोपरं छातीखाली, डोकं वर. तिच्यासमोर शामला स्वतः पोटावर आडवी पडली होती, नाकाला नाक लावून, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आजूबाजूला आया उभ्या होत्या. कुणीतरी वच्छलाला सांगितलं की तुमची पोरगी पालथी पडली, स्वतःहून पडली. शामला उठून बसली आणि भराभर सांगायला लागली. मी फक्त कमरेवर हात ठेवला आणि काढून घेतला, पाय तिने स्वतः टाकला, अडकलेला हातही तिनेच काढला. "तुम्ही जरासं आधी यायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

ती खरोखर हळहळून म्हणाली होती. वच्छलाला मात्र ते दुसऱ्याच सुरात ऐकू आलं.

"ठेवून घ्या मग तिले," ती म्हणाली.

शामलाला वाटलं ही गंमत करून राहिली. ती हसली.

"खरंच ठेवून घ्या. तुमचीच कुंदी आहे. दूध पाजाले तेवढं मले बोलवत जा."

वच्छलाने औषधाची बाटली पिशवीत टाकली, वाकली आणि कुंदाला काखेत हात घालून उचललं. कुंदा तिथल्या तिथे ताठली, मागे वाकली, तिने किंचाळून रडायला सुरुवात केली. आपण चुकीचं उचललं हे वच्छलाला उचलतानाच कळलं होतं. ती तशीच जिना उतरली.

घरी सासूने विचारलं, आज काय केलं तिथं. वच्छला म्हणाली, तेच रोजचं. मनकर्णाबाईंच्या माहेरी रीत होती, लेकरू पहिल्यांदा पालथं पडलं की गव्हाच्या घुगऱ्या करून वाटायच्या. नात पालथी कधी पडते म्हणून त्या किती महिने वाट पाहत होत्या. वच्छलाला हे ठाऊक होतं. तरी तिने तोंड उघडलं नाही. तिने कुंदाला चटईवर निजवलं, कमरेवर हात ठेवला, ढकललं, पुन्हा ढकललं. कुंदा लाकडासारखी आडवी राहिली.

त्यानंतर ती धंतोलीला गेली नाही. रुपरावला तिने सांगितलं की बसमध्ये धूळ फार आहे, पोरीला खोकला झाला आहे. त्या दिवसांत वीज केंद्राची राख खरंच जास्त उडत होती. दोरीवरचे कपडे पुन्हा झटकावे लागायचे, अंगणातल्या तुळशीवर करडा थर बसायचा. त्याने विश्वास ठेवला. उन्हं उतरली की जाऊ, असं तोच म्हणाला.

पण घरी वच्छला रिकामी बसली नाही. उलट दवाखान्यात जात असताना ती इतकं कधी करत नव्हती. भाकरी थापताना कुंदाला पाय फाकवून आपल्या मांडीवर बसवायची. तांदूळ निवडताना तिला मांड्यांवर पालथी घालायची आणि ताटातला एकेक दाणा तिच्यासमोर सरकवायची. उचलताना न चुकता आधी कुशीवर, मग गुडघे, मग खांदे. सासूला तिने सांगून टाकलं की मालिश करा पण पाय ओढू नका, आणि मनकर्णाबाईंनी ऐकलं. इथे तुलना करायला दुसरे हात नव्हते. कुंदा रडली तरी ती कुणाच्या देखत रडत नव्हती. हळूहळू वच्छलाच्या लक्षात आलं की आपण उचलतो तेव्हा लेक ताठत नाही. कधीपासून हे तिला सांगता आलं नसतं.

एका सकाळी मनकर्णाबाई अंगणात तुरीची डाळ निवडत होत्या आणि शेजारीच वच्छलाने चटईवर कुंदाला घेतलं होतं. तिने कमरेवर हात ठेवला, किंचित वळवलं आणि थांबली. थांबणं तिला फार जड गेलं. हात आपोआप ढकलायला जात होता. आणि थांबायचं हे शामलाने सांगितलेलं आहे, याचा तिला त्या क्षणीही राग आला. तरी ती थांबली. कुंदाचा गुडघा उचलला गेला, पलीकडे पडला. पोट वळलं. एक हात खाली अडकला. कुंदा कण्हली, लाल झाली, आणि मग तो हात सुटला आणि तिने डोकं वर करून आईकडे पाहिलं.

मनकर्णाबाईंनी सूप बाजूला टाकलं आणि त्या शेजारणींना हाका मारत सुटल्या. त्याच दिवशी घुगऱ्या शिजल्या. खोबरं घालून वाट्या भरभरून त्या वसाहतीत गेल्या. रुपराव ड्युटीवरून आला तो डोळे पुसतच आत शिरला. सगळे म्हणत होते, पहिल्यांदा पालथी पडली, आजीच्या नि आईच्या डोळ्यांदेखत. वच्छलाने ते तसंच राहू दिलं. आनंद तिलाही झाला होता, खरा झाला होता. पण त्यात एक खडा होता. ही पहिली वेळ नाही हे त्या सगळ्या घरात तिला एकटीला ठाऊक होतं.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी शामला कोराडीला आली. बसमधून उतरून, क्वार्टर शोधत, विचारत विचारत. पदराला राख लागली होती. तिने सांगितलं की कुंदा आली नाही म्हणून मी आली. अशा लेकरांचा खंड पडला की ती मागे जातात, मला राहवलं नाही. त्या दिवशीचं काही तिने काढलं नाही.

मनकर्णाबाईंना तर पाहुणीला कुठे बसवू असं झालं. त्यांनी सतरंजी अंथरली आणि बसता बसताच सांगायला सुरुवात केली. "लेकरू पालथं पडलं बाई. पहिल्यांदा. इथंच, आपल्या अंगणात. म्या माह्या डोळ्यानं पाहिलं."

वच्छला पाण्याचा पेला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होती. शामलाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. वच्छलाने नजर खाली केली नाही, पण पेला घट्ट धरला.

"पहिल्यांदा?" शामलाने विचारलं.

"हाव तर," मनकर्णाबाई म्हणाल्या. "घुगऱ्या वाटल्या पुऱ्या वसाहतीत."

शामलाने मनकर्णाबाईंकडे तोंड केलं. मग म्हणाली, "मग मलाही सांगा कसं केलं तिने. मी कुठे होती इथे."

मनकर्णाबाई रंगवून सांगत राहिल्या. वच्छलाने पेला शामलासमोर ठेवला. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिच्या मनात आलं की हा मोठेपणाही हिचाच. हिने मला माझ्याच लेकीचं पहिलेपण देऊन टाकलं, जसं काही ते हिचं होतं.

मग शामलाने कुंदाकडे हात केले. कुंदा आजीच्या मांडीवर होती. शामलाने तिला रीतीने वळवून, दुमडून, खांदे पुढे घेत उचललं आणि तोंड भरून हाक मारली. कुंदाने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि ती रडायला लागली. शामलाने तिला झुलवलं, पाय कमरेभोवती घेतले, पाठीवर हात ठेवला, आवाज खाली आणला. तिला जे जे येत होतं ते सगळं तिने केलं. कुंदा ताठतच गेली. तिने मान फिरवून खोलीभर शोधलं, तिला वच्छला दिसली, आणि तिने दोन्ही हात वच्छलाकडे उचलले.

वच्छलाने तिला घेतलं. कुंदाने आईच्या मानेत तोंड खुपसलं आणि हुंदके देत शांत झाली.

वच्छलाला त्या क्षणी जो आनंद झाला तो चांगला नव्हता. तो लेकीचा नव्हता, तो जिंकल्याचा होता, आणि तो इतका मोठा होता की तिला तो तोंडावरून लपवता आला नाही. तिने शामलाकडे पाहिलं. शामलाचे हात अजून तसेच पुढे होते, लेकरू धरल्यासारखे. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. आरशात पाहिल्यासारखं वच्छलाला ते तोंड ओळखू आलं. तिचा आनंद तिथंच विरला.

मनकर्णाबाई ओशाळून म्हणाल्या की बरेच दिवस झाले म्हणून ओळख विसरली असंन.

"नाही आजी," शामला म्हणाली. "ओळख विसरली नाही, ओळख आता आली. आपलं कोण अन् परकं कोण हे तिला कळलं. इतर लेकरांना हे आधी कळतं, हिला जरा उशीर लागला. पण आलं. हे फार चांगलं आहे." मग ती वच्छलाकडे वळली. "आणि हात पाहिले का तुम्ही? दोन्ही उचलले. अंगठे बाहेर होते. मी इतके महिने त्यासाठी धडपडून राहिली होती, माझ्याजवळ नाही उचलले तिने कधी."

ती हे उत्साहाने बोलत होती, पण तिचा आवाज मध्येच फाटला. मग तिने पेला उचलला आणि पाणी संपल्यावरही तो ओठांशी धरून ठेवला.

चहा झाला. वच्छला तिला बसथांब्यापर्यंत पोचवायला निघाली, कुंदा कडेवर होती. वसाहतीच्या रस्त्याने कोळशाचे ट्रक जात होते, म्हणून दोघी कडेकडेने चालल्या. वच्छलाने माफी मागायचं ठरवलं होतं. शब्दही जुळवले होते. पण शामलाच आधी बोलली.

"मला वाईट वाटलं," ती म्हणाली. "खोटं काहून बोलू? लेकरू सुधारलं की एक दिवस ते माझ्याजवळ यायला रडतं. मग मी त्याच्या आईला सांगते, आनंद माना. नेहमी सांगते. आज मलाच जमलं नाही."

वच्छलाने माफी मागितली नाही. ती म्हणाली, "तुमी माही कुंदी म्हणता, ते मले खपत नाही."

शामला चालता चालता थांबली. यात कुणाला काही लागेल असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. "नाही म्हणणार," ती म्हणाली.

"अन् पहिल्यांदा ती तुमच्याजवळच पालथी पडली. मले ठाऊक आहे. सासूले म्या सांगितलं नाही. सांगणारही नाही."

"नका सांगू," शामला म्हणाली.

बस आली. चढताना शामलाने कुंदाच्या पायाला लावायला हात पुढे केला, पण लावला नाही. सोमवारी या, एवढं म्हणाली.

वच्छला सोमवारी गेली. त्या दिवसापासून शामलाने पद्धत बदलली. ती कुंदाला स्वतःकडे घेत नसे. वच्छलाच्या मागे गुडघ्यांवर बसायची आणि आपले हात वच्छलाच्या हातांवर ठेवायची. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा वच्छला चकित झाली. तिला वाटत आलं होतं की त्या हातांत काही जोर असेल, काही कळ असेल जी आपल्याला दाखवत नाहीत. पण ते हात अगदी हलके होते. ते जवळजवळ काहीच करत नव्हते. नुसते सांगायचे आणि थांबायचे. कुंदाचं अंग वळायला लागलं की सगळ्यात आधी शामलाचे हात उचलले जायचे, मग वच्छलाचे. पुढे पुढे इतर आयांनाही ती तसंच शिकवायला लागली.

मत्सर असा एका दिवसात जात नाही. पुढेही कुंदा कधी शामलाकडे पाहून खिदळली तर वच्छलाला आत काहीतरी लागायचंच. एकदा तिने ते शामलाला सांगितलंही. शामला म्हणाली की मला पण लागतं, तुम्ही तिला घेऊन घरी जाता तेव्हा. मग दोघी कामाला लागल्या.

कुंदा दोन वर्षांची होऊन गेल्यावर आधाराशिवाय बसायला लागली. चालली ती फार उशिरा, पायांना लोखंडी पट्ट्यांचे बूट घालून, आणि तेही भिंतीला हात लावत. बोलणं थोडं जड राहिलं. घरच्यांना सगळं कळायचं, बाहेरच्यांना दोनदा विचारावं लागायचं. तोवर शामलाचं लग्न होऊन ती अमरावतीला गेली होती. जाण्याआधी तिने वच्छलाला खोलीत बोलावून नव्या आलेल्या दोन आयांसमोर कुंदाला कसं उठवते-बसवते ते करून दाखवायला लावलं होतं. वच्छलाला ते सांगताना घाम फुटला होता, पण तिने सांगितलं.

कुंदा वसाहतीतल्या शाळेत पहिलीत गेली तेव्हा रुपराव तिला सायकलच्या दांड्यावर बसवून सोडायचा. शाळेत शिकवायला शोभाबाई म्हणून होत्या. महिनाभरात घरात दुसरं नाव उरलं नाही. शोभाबाई असं म्हणाल्या, शोभाबाईंनी वेणी अशी घातली, शोभाबाई पोळीचा घास मोडून देतात, तू देते तसा मोठा नाही देत. एका दुपारी शाळेतून येऊन कुंदाने जड जिभेने हे सगळं सांगितलं आणि म्हणाली की उद्या डबा शोभाबाईंच्या हातूनच खाईन, तू सकाळी भरवू नको.

मनकर्णाबाई हसल्या. वच्छलाला हसू आलं नाही लगेच. तिने लेकीच्या बुटांचे पट्टे सोडले, पायांवरचे वळ हाताने चोळले आणि विचारलं, शोभाबाईंना भाजी कोणती आवडते. कुंदा म्हणाली, वांग्याची. दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाने डब्यात वांग्याची भाजी भरली, दोघींना पुरेल एवढी, आणि झाकण लावताना ती स्वतःशीच जरा धुसफुसली.